चंद्रावर न गेलेले गिरमिट

मी एक जुने गिरमिट आहे, पण मित्रांनो, सुताराच्या पेटीतले नव्हे. चंद्राच्या मातीखालचा बर्फ शोधण्यासाठी मला घडवले. माणसाच्या उंचीचा पोलादी दांडा, त्यावर स्क्रूसारखे आटे आणि टोकाला कठीण दात. माझ्याबरोबर हुबेहूब माझ्यासारखे एक भावंडही घडले. एकाने चंद्रावर जायचे, दुसऱ्याने सरावासाठी मागे राहायचे, असे ठरले होते. माझ्या दांड्यावर केसाएवढा ओरखडा निघाला आणि मी राहिले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

शीतपेटीत गोठलेली माती भरून मला चालवायचे, हे आमच्या इंजिनिअर ताईंचे काम. थोडे खोदले की मी तापायचे. मग ताई मला थांबवून निवू देत. थांबवण्याआधी त्यांचा हात आपसूक मला वर-खाली करणाऱ्या दांडीवर जाई आणि मला वीतभर वर उचली. त्याकडे ना त्यांचे लक्ष होते, ना इतर कुणाचे. पाहुणे येत, माझी वाहवा करत. भावंड चंद्रावर उतरले, तसे माझ्याकडे कुणी फिरकेना.

तिकडे भावंडाने खोदायला सुरुवात केली. ते तापले, सूचनेप्रमाणे जागीच थांबले आणि अडकले. त्याच्या उष्णतेने वितळलेला बर्फ त्याच्याच दातांभोवती पुन्हा गोठला होता. तिथला सूर्य मावळला की त्याची वीज संपणार होती. इथे सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. यंत्रच सदोष असणार, असे मोहिमेचे प्रमुख असलेले सर म्हणू लागले.

ताईंनी मला पुन्हा शीतपेटीत लावले. थांबवताना त्यांचा हात दांडीकडे गेला आणि तिथेच थबकला.

"सर, मी याला दर वेळी आधी वर उचलते," त्या हळूच म्हणाल्या. "सूचनांमध्ये ते लिहायचंच राहिलं."

मग त्यांनी मला मुद्दाम बर्फात अडकवले. किती जोराने सुटते आणि किती जोराने मोडते, हे माझ्यावरच पाहायचे होते.

"याचे दात जातील," सर म्हणाले.

"गेले तर गेले. तिथलं सुटायला हवं."

मला राग आला नाही. माझेही तेच म्हणणे होते. पहिल्याच झटक्याला दोन दात गेले. मग त्यांनी जोर कमी केला आणि उलटसुलट हलके हिसके देत मला मोकळे केले. तसेच हिसके भावंडाला द्यायची आज्ञा चंद्रावर गेली. ते सुटले आणि बर्फाचे कण घेऊन वर आले. ताई खुर्चीत बसून रडल्या, मग नाक पुसून त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

सूर्य मावळल्यावर भावंड कायमचे थांबले. ताई निवृत्त झाल्या. मी सामानाच्या खोलीत खोक्यांखाली पडून आहे आणि माझ्या आट्यांवर गंज चढतो आहे. मित्रांनो, मागे राहिलेल्यांनाही कधी फडक्याने पुसा, तेलाचा थेंब द्या. माझ्या भावंडावर धूळ बसली, तर ती झटकायला तिथे कुणी नाही. माझ्यापर्यंत तुमचा हात पोहोचतो.