शेजारणीच्या मसाल्यात काय जास्त?

लालबागच्या मसाला गल्लीत कालिंदीबाईंचं दुकान आहे. दारात मिरच्यांची पोती, आत खड्या मसाल्याचे डबे आणि मागच्या खोलीत कांडप. उन्हाळा लागला की आसपासच्या चाळींतल्या बायका वर्षाचा मसाला करायला इथे येतात. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, आणि ते कुणालाही न सांगण्याचं. तीस वर्षं पुड्या बांधून कालिंदीबाईंना सगळ्यांचं ठाऊक झालेलं. पण एका घरची पुडी दुसऱ्या घरी बोलायची नाही, हा त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम.

यंदा गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. सुना मोठ्या दुकानातून तयार पाकिटं आणू लागल्या. तेव्हा त्यांचा भाचा दिनेश नोकरीला रामराम ठोकून दुकानात येऊन बसला.

"आत्या, आपलंही पाकीट काढू. आणि दुकानात क्यूआर कोड लावू. गिऱ्हाईक आपल्याशी बोललं पाहिजे."

"बोलतंच आहे रे तीस वर्षं. गप्प कधी बसतं ते सांग."

शेवटी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत ठरली. तोवर पाकीट खपलं नाही, तर कोडचे स्टिकर खरवडायचे आणि गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचा.

मी शेजारच्या चाळीत मुलांचा अभ्यास घेतो. धणे आणायला गेलो, तेव्हा माझ्याकडे शिकणारी पाचवीतली मनवा सोबत होती. डब्यांवर कोड चिकटवलेले आणि खाली लिहिलेलं: 'स्कॅन करा. तुमच्या घरच्या मसाल्याचं प्रमाण लिहा आणि पाव किलो बेडगी मिरची मोफत न्या!'

"मनवा, या ठिपक्यांत तीनच कोपऱ्यांना मोठे चौकोन आहेत. चौथ्याला का नाही?"

तिने दिनेशचा फोन सरळ धरला, आडवा धरला, मग उलटा धरला. तिन्ही वेळा पान उघडलं.

"कळलं! रिकामा कोपरा बघून फोनला समजतं, वरची बाजू कुठली!"

"हिला नोकरीवर ठेव," कालिंदीबाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा लवकर शिकते."

आठवड्याभरात त्रेपन्न प्रमाणं आली. दिनेशने त्यांची सरासरी काढली, दहा किलो मसाला कांडला आणि त्यात काळ्या वाटाण्यांची उसळ करून दुकानात ठेवली. पहिला चमचा आनंदीबाईंचा. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि त्यांनी नावं ठेवलेला पदार्थ चाळीत पुन्हा कुणी करत नाही.

आनंदीबाईंनी चव घेतली. "रंग छान आलाय हो," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

लालबागेत मसाल्याच्या नुसत्या रंगाचं कौतुक झालं, की समजायचं, संपलं. दिनेशचा चेहरा पडला.

"त्रेपन्न घरांचं एकत्र करूनही मिळमिळीत कसं?"

कालिंदीबाईंनी तोंडाला पदर लावला. "अरे वेड्या, खरं कोण लिहील? प्रत्येकीने एक जिन्नस गाळला असणार."

"कुठला? तुला माहीत आहे!"

"आहे. सांगणार नाही."

"आत्या, गाळा जाईल!"

"गाळा गेला तर गेला. शब्द जायचा नाही."

मनवा दालचिनी चघळत ऐकत होती. "दिनेशदादा, तुझा प्रश्नच चुकलाय. सर वर्गात विचारतात ना, दंगा कोणी केला, तेव्हा सगळे गप्प. पण शेजारच्याने काय केलं विचारलं, की सगळ्यांचे हात वर!"

मी उगाच मिरच्यांची देठं तपासू लागलो.

दुसऱ्या दिवशी नवे स्टिकर लागले: 'तुमच्या शेजारणीच्या मसाल्यात काय जास्त असतं? नावं लिहू नका.' बक्षीस काहीच नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत नव्वद उत्तरं! दिनेशचा फोन टुंग टुंग करून तापला.

'दगडफूल. जिन्यात ठसका लागतो.'

'दगडफूल. विचारलं की विषय बदलते.'

'दगडफूल. आणि वर म्हणते, आम्ही घालतच नाही.'

दगडफूल म्हणजे काळपट, सुकल्या पापुद्र्यांसारखा जिन्नस. हातावर घेतलं तर वजन नाही. पण तेलात पडलं की वास माळ्यापर्यंत जातो. त्रेपन्न प्रमाणांत ते एकदाही नव्हतं. सगळ्यांनी एकच गोष्ट लपवली होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं, ती फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

दिनेश दगडफूल भाजायला बसला. कालिंदीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्याने मूठ कमी भरली तेव्हा जोरात खोकल्या. त्याने आणखी एक मूठ घातली. खोकला थांबला.

सकाळी आनंदीबाईंनी पुन्हा चमचा तोंडात घातला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचे डोळे बारीक झाले.

"हे प्रमाण कोणाचं रे?"

"सगळ्यांचंच, काकू. का? तुमच्यासारखं लागतंय?"

"छे! आमच्यात दगडफूल नसतंच मुळी."

"मी दगडफुलाचं नाव कुठे घेतलं?"

आनंदीबाईंनी पिशवी पुढे केली. "चार पाकिटं दे. जास्त बोलू नको."

मागोमाग त्यांच्या शेजारणी आल्या. प्रत्येकीने चव घेतली आणि प्रत्येकीचे डोळे बारीक झाले. 'आमचं प्रमाण चोरलं' असं म्हणायची मात्र कुणाचीच छाती झाली नाही. म्हटलं असतं, तर दगडफूल कबूल करावं लागलं असतं! अक्षय्य तृतीयेला दोन दिवस बाकी असतानाच पाकिटं संपली.

पाकिटावरही कोड होता: 'मसाला कसा वाटला?' पहिलं उत्तर आलं, 'बरा आहे. दगडफूल निम्मं करा.' मग दुसरं, तिसरं, चाळिसावं. सगळ्यांत तेच.

दिनेश घाबरला. "आत्या, कमी करायचं का?"

"खुळा आहेस का? त्यांना स्वतःचं कमी नकोय रे, शेजारणीचं कमी हवंय." कालिंदीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा फोनकडे पाहिलं. "स्टिकर राहू देत. आणि दगडफुलाचं एक पोतं जास्त मागव."