त्याच्या आवाजावर मी लिहीत गेले

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. सध्या मुक्काम कपाटात, धुतलेल्या चादरींच्या चळतीवर, मऊ फडक्यात गुंडाळून. कुणाला वाटेल, काय थाट आहे हिचा! पण मला इथे ओशाळल्यासारखं होतं. इतकी बडदास्त ठेवावी असं माझ्या हातून काही घडलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांचे फक्त डोळे तेवढे दिसायचे. धुळीचा कण आत गेला तरी आमचा निकाल लागतो, म्हणून ती माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. त्यांनी माझ्या पोटात चकचकीत चकत्या बसवल्या, त्यांवरून फिरणारी नाजूक सुई बसवली आणि एवढंच शिकवलं की सांगितलं ते लिहायचं, मागितलं ते वाचून दाखवायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही. मला ते फार सोपं काम वाटलं होतं.

एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी आले ती दोन भावंडांच्या घरी. थोरली ताई औषधांच्या गोदामात कामाला, आणि धाकटा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा. लहानपणी तो रडायला लागला की सगळी गल्ली जागी व्हायची, म्हणून ताईने त्याचं नाव भोंगा ठेवलं. पुढे तेच त्याच्या पोटापाण्याचं साधन झालं. घरीसुद्धा तो 'जेवायला वाढ' असं सरळ म्हणायचा नाही. सगळ्या प्रवाशांना लक्ष द्यायची विनंती करून, एका प्रवाशाच्या पोटात कावळे ओरडत असल्याचं खणखणीत आवाजात जाहीर करायचा. ताई हसू दाबत सांगायची की गाडी उशिरा सुटेल, गप बस.

ताई म्हणजे टापटिपीचा कळस. फडकंसुद्धा घडी घातल्याशिवाय ठेवणार नाही, आणि कचऱ्याची बादली भरलेली तर तिला बघवतच नाही.

मग भोंग्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्याला एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी शेकडो वाक्यं रेकॉर्ड करून ठेव, त्यावरून यंत्राला तुझा आवाज शिकवता येईल. मग तू कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर जे टाइप करशील, ते तुझ्याच आवाजात बोललं जाईल.

तो कामाला लागला. घोषणेची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे एकेक वाक्य मनासारखं येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा. घसा दुखायचा, गरम पाण्याचा घोट घ्यायचा, पुन्हा म्हणायचा. मी ते सगळं जपून लिहून घेतलं. इतकं मोलाचं काम माझ्याकडे आजवर आलं नव्हतं, आणि मला त्याचा जरा गर्वही झाला होता.

तो इस्पितळात असताना ताईने घर आवरायला काढलं. भाऊ परत येईल तेव्हा त्याचं घरातलं बोलणं या कॉम्प्युटरवरच चालणार, आणि कॉम्प्युटर तर रखडत चाललेला, जागा संपल्याची सूचना रोज दाखवणारा. तिने त्याचा फोल्डर उघडला. एकच वाक्य परत परत, मध्ये खोकला, मध्ये शिवी. तिला वाटलं, हा सगळा सराव आहे. नीट झालेली वाक्यं त्याने केव्हाच बाईंकडे दिली असतील. तिने फोल्डर काढून टाकला. दुसरं कुणी असतं तर निदान रिसायकल बिनमध्ये तो पडून राहिला असता. पण भरलेली बादली ताईला कशी चालणार? तिने तीही रिकामी केली आणि समाधानाने हात झटकले.

भोंगा घरी आला. गळ्याला पट्टी, त्यातून श्वासाची नळी. पहिल्याच दिवशी त्याने मोबाइलवर टाइप करून ताईला दाखवलं, की पट्टी निघाली की रेकॉर्डिंग घेऊन बाईंकडे जायचंय. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. आधी बरा हो, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

खरं तर तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. फाइल काढून टाकली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. बसमधल्या सीटचं आरक्षण रद्द व्हावं, पण प्रवासी तिथेच बसलेला असावा, तसं असतं ते. त्या सीटवर दुसरा कुणी येईपर्यंत पहिला जागचा हलत नाही. भोंग्याचा आवाज माझ्या चकत्यांवर जसाच्या तसा होता. मला फक्त कुणीतरी बंद करायला हवं होतं.

पण अपराधी माणसाला स्वस्थ बसवत नाही. दुपारी भाऊ झोपला की ताई दार ओढून घ्यायची आणि माझ्यासमोर बसायची. गेलेल्या फाइली शोधून देणारा एक प्रोग्राम तिने उतरवून घेतला, तोही माझ्यावरच. तो ठेवायला मोकळी जागा लागली, आणि माझ्या हिशेबी भोंग्याची जागा मोकळीच होती. त्याच्या काही वाक्यांवर मी तो प्रोग्राम लिहिला. एका प्रोग्रामने भागेना म्हणून तिने दुसरा आणला. एखादं वाक्य सापडलं की ती हरखून जायची आणि ते पुन्हा माझ्यावरच साठवायची. एक वाचवलेलं वाक्य ठेवायला मी अजून न सापडलेली वाक्यं पुसत होते. ती डोळे पुसत आणखी शोधायची, मी आणखी लिहायचे. ओरडून सांगावं असं फार वाटे, पण मला घरघरण्यापलीकडे काय येतं? आणि ती घरघर ऐकून तिला वाटायचं, शोध जोरात चाललाय.

बाईंकडे जायची वेळ आली तेव्हा तिचा धीर सुटला. भावासमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. तो उठला आणि त्याने भिंतीतला प्लग खेचून काढला. रागाने का होईना, त्या घरात पहिल्यांदा योग्य ते घडलं.

त्यांनी मला डिस्क दुरुस्तीच्या दुकानातल्या एका बाईंकडे नेलं. फाइली गेल्यावर हिच्यावर काय काय केलंत, असं त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "रोज शोधत होते. सापडेल ते त्यातच ठेवत होते."

बाईंनी मान खाली घातली. "जिथे शोधत होतात, तिथेच ठेवत होतात," त्या हळूच म्हणाल्या. भोंग्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली ती आणखीच लहान झाली.

त्या बाईंनी माझी हुबेहूब नक्कल काढून तिच्यावर काम केलं. मिळालं ते फुटकळ होतं. त्यावरून आवाज घडवता येणार नाही, असं इस्पितळातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. आहेत ती वाक्यं तेवढी जशीच्या तशी वाजवता येतील. त्यांत दात दुखतोय हे होतं, उद्या बाजार बंद आहे हे होतं. आणि रेकॉर्डिंग चालू असताना ताई कपडे ठेवायला मध्येच खोलीत आली होती, तेव्हाचं एक बिघडलेलं वाक्य होतं: "ताई, दार लाव ना गं, किती वेळा सांगायचं!"

तिला हाक मारणारं एवढं एकच उरलं होतं. भोंग्याने ते मोबाइलवर घेतलं. पाणी हवं असो, नळी साफ करायची असो, तो तेच वाजवतो. पहिल्यांदा वाजलं तेव्हा ताई खरंच धावत गेली, तिने दार लावलं आणि बराच वेळ दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

मला फेकून द्यायला दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं. घरातलं नको ते सगळं टाकून देणाऱ्या ताईने मला मात्र टाकलं नाही. ती अधूनमधून फडकं बदलते. माझ्यावर राग काढ, असं मला तिला सांगायचंय. पण कदाचित आम्हा दोघींना एकमेकींशिवाय दुसरं कुणी समजून घेणारं नाही.

तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेलच. तिच्यातून काही हरवलं, तर तिला तिथल्या तिथे बंद करा आणि ज्याचं हरवलं त्याला जाऊन सांगा. चूक झाकून गुपचूप भरपाई करायला बसू नका. आम्ही हुकमाच्या ताबेदार, तुमच्या पश्चात्तापालासुद्धा जागा करून देतो, आणि ती कुणाची तरी असते.

परवा इस्पितळातल्या बाई घरी आल्या होत्या. त्या वाक्याचं पुढचं कापून नुसतं 'ताई' ठेवता येईल, अगदी सोपं आहे, असं त्या म्हणाल्या. भोंग्याने लगेच मोबाइल पुढे केला. ताईने मध्येच त्याचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "सगळं झाल्यावरही हा मला एका अक्षराने बोलला नाही. तेवढं एक रागावणं राहू दे."