मंगळवारचा तुकडा

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं, तर आधी संन्याशाचं नाव लावावं लागतं. नांदगाव पेठेच्या त्या कापड छपाईच्या कारखान्यात, मशीनखात्याच्या दाराशी टाचलेल्या नोटिशीत देवमनचं लागलं. 'आठ दिवस छपाई बिघडली. कारण, मशीनचालक देवमन याचा निष्काळजीपणा. उद्यापासून कामावर येऊ नये.' खाली मॅनेजरची सही.

बावीस वर्षं हा माणूस रंगाच्या वासात उभा. फुलाच्या काळ्या रेघेत लाल रंग नेमका बसला की नाही, हे त्याला दुरूनच कळायचं. आता लाल रेघेबाहेर सांडत होता आणि तो आठ दिवस घसा फोडून सांगत होता, मशीनकडे पाहा. ऐकतो कोण? बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते साल. गेटबाहेर रोज पन्नास माणसं काम मागत उभी, आणि मॅनेजर म्हणायचा, "तू नाही तर दुसरा."

रोज छापलेल्या कापडाच्या पहिल्या थानाचा तुकडा वहीत टाचायची देवमनची जुनी खोड. त्यानं वही उघडली. गेल्या आठवड्यातल्या सोमवारचा तुकडा चोख, मंगळवारचा बिघडलेला. मंगळवारीच तर छताला कॅमेरा लागला होता, कामगार हात चालवतात की नाही हे केबिनमध्ये आणि हेड ऑफिसात बसून पाहायला.

वही घेऊन तो मिस्बाहकडे गेला. परतवाड्याची ही पोरगी मशीनच्या विजेचं काम पाहायची. तिनं मशीनच्या विजेची पेटी उघडली. सेन्सरच्या वायरी येतात तिथेच कॅमेऱ्याची वायर खुपसलेली.

"काका, सेन्सर कापडावरची खूण पाहते अन् मशीनले निरोप धाडते," ती म्हणाली. "पापणी लवायच्या आत तो पोचला पाहिजे. कॅमेऱ्याच्या चित्रांनी त्याचा रस्ताच अडवला. वरातीमागून घोडं येऊन राहिलं."

तिनं वायर उपटली. फूल जागेवर बसलं.

दोघं वर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजरनं सगळं ऐकलं. "बरं, उद्या ये कामावर. नोटीस मात्र राहू दे. कॅमेरा माझ्याच सांगण्यावरून लागला, वर हेड ऑफिसला काय कळवू?"

"म्हणजे चूक तुमची अन् नाव माझं?"

"पगार चालू राहतोय ना? मग नावाचं काय एवढं?"

भाकरी देऊन मॅनेजर देवमनची बावीस वर्षं मागत होता. देवमन खाली आला. कॅमेऱ्याची वायर त्यानं परत खुपसली, टाकाऊ थान लावलं, मशीन सुरू केलं आणि कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. मागे लाल रंग पुन्हा रेघेबाहेर सांडू लागला. एकेक कामगार येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला. मिस्बाहही आली.

मॅनेजर जिन्यावरून धावत आला. "हात खाली घे, देवमन."

"आधी नोटीस खाली घ्या," देवमन म्हणाला. "तुमच्या हातानं. इथंच, कॅमेऱ्यापुढं."

मॅनेजरनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग टाचणी काढायला त्यानं हात वर केला.