अक्कलदाढ आणि दोन औषधं

अक्कलदाढ काढताना पेशंट गाढ गुंगीत असूनही मधेच दचकतात कसे, या प्रश्नाने मोठ्या डॉक्टरांना भंडावून सोडलं होतं. दोष औषधाचाच, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. भूल देणाऱ्या मॅडम वर्षानुवर्षं फेंटानिल वापरत आलेल्या. डॉक्टर एका परिषदेतून रेमीफेंटानिलचं खूळ डोक्यात घेऊन परतले. मग दोन्हींची तुलना करायचं ठरलं. साठ पेशंट, शिरेत औषध सोडणारे सारखे दिसणारे पंप, त्यांवर नुसतं ‘क’ नाहीतर ‘ख’. कशात काय, हे फक्त औषधांच्या स्टोअरला ठाऊक. हत्यारं हातात देता देता पेशंट किती वेळा हलला आणि किती मिनिटांनी शुद्धीवर आला, हे टिपायचं लचांड सिस्टरच्या गळ्यात पडलं.

दहा पेशंट होतात न होतात तोच डॉक्टरांना साक्षात्कार झाला, की ‘ख’ म्हणजे त्यांचं लाडकं रेमीफेंटानिल. ‘ख’वाला पेशंट शांत पडला की ते औषधाचं कौतुक करत, ‘क’वाल्याने हात झटकला की मॅडमकडे अशा नजरेने बघत, जणू त्यांनीच चिमटा काढला. मॅडमही काही कमी नव्हत्या. पेशंट लवकर जागा झाला, की पंप न बघताच श्रेय फेंटानिलच्या पदरात टाकून मोकळ्या होत.

सिस्टरला मात्र दचकणारे दोन्हीकडे सारखेच दिसत होते. तिने आपल्याच मनाने एक जादा रकाना आखला: हिरडी बधिर करायचं इंजेक्शन दिल्यापासून ब्लेड लागेपर्यंत किती मिनिटं. महिन्याभरात सगळं लख्ख झालं. डॉक्टर फोनवर गप्पा मारत पाच मिनिटं रेंगाळले, की पेशंट ढिम्म हलत नसे. दीड मिनिटात ब्लेड लावलं, की तो टेबलावर उसळलाच.

निकाल उघडला तेव्हा ‘ख’ निघालं फेंटानिल. दचकण्यात फरक जवळजवळ शून्य. सिस्टरने आपला रकाना पुढे सरकवला. डॉक्टरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“हे लिहायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही सर. पेशंट हलत होते, म्हणून लिहिलं.”

मग ते विषयाबाहेरचं, असा निवाडा झाला. अहवाल छापून आला. वर पाच नावं, त्यांतल्या दोघांनी थिएटरचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही पाहिलं नव्हतं. रकाना गायब, सिस्टर गायब. आणि डॉक्टरांनी लगेच तिसरं औषध मागवलं.

त्या औषधाची पहिली पेशंट निघाली सिस्टरची नणंद. लग्नापासून तिने सिस्टरला टोमण्यांनी भाजून काढलं होतं, तरी टेबलावर तिला घाबरलेली पाहून सिस्टरला राहवेना. इंजेक्शन झालं, डॉक्टरांनी हात पुढे केला, आणि सिस्टरला ब्लेड काही सापडेना. घड्याळात पाच मिनिटं झाल्यावर सापडलं. नणंद निवांत पडून राहिली.

मग दुसऱ्या पेशंटलाही सापडेना, तिसऱ्यालाही. सिस्टरचं अलीकडे लक्ष नसतं, असा शेरा तिच्या फायलीत पडला. डॉक्टर मात्र खुशीत होते. चाळिसांपैकी एकही पेशंट हलला नव्हता. तिसऱ्या औषधावर त्यांचं भाषण ठरलं. सिस्टरने त्यांना आकडे व्यवस्थित टाइप करून दिले.