बिनमसाल्याची गोष्ट

गणेशनं पेटी आनली तवा मी गावात सांगतलं का तिच्यात चाळीस कोतवाल बसले हायेत. तिळाएवढे. डोळ्याले पट्ट्या बांधून. जगातल्या लोकाईच्या बंद चिठ्ठ्या त्याईच्या हातात पडतात, ते त्या सुपात टाकून पाखडतात, खालच्या वर करतात अन् पुढच्या पेटीतल्या कोतवालाले देऊन टाकतात. चिठ्ठी कोनाची, कोनाले चालली, हे कोनालेच ठाऊक नाई. आपल्या मागचा ठाऊक, पुढचा ठाऊक, बस.

शेजारच्या नानीबाईनं तं पेटीले कान लावून पाह्यला. म्हने, "खरंच वो तुळसाबाई, घरघर ऐकू येते."

आतला पंखा होता तो. मी म्हनलं, "घोरून राह्यला एखादा. जेवनं झाली न आताच."

गणेश माहा नातू. लेक अन् सून तिकडं सुरतेले कारखान्यात, हा माह्यापाशीच वाढला. तो हसून हसून खाटेवर पडला. म्हने, "आजी, जनमभर फेकलं तू, पन हे एकच जवळपास खरं निघालं."

धंदाच तसा होता. नेटवर कोन कोनाशी बोलते हे कोनाले दिसू नाई, म्हनून जगभरच्या लोकाईनं आपापल्या घरी अशा कंप्युटरच्या पेट्या मांडल्या. त्याले मालक नाई, साहेब नाई. पन शर्ती होत्या. पेटी रातदिवस चालू पायजे. नेटचा तार तुटला नाई पायजे. लाईन गेली तं ब्याटरी पायजे. अन् सुरुवातीले अनामत ठेवा लागते, का हा मानूस पळून जाईन नाई. ज्याची पेटी इमानानं चालली त्याले मेहनताना, ज्याची बंद पडली त्याचा वाटा कापला.

अनामतीसाठी गणेशनं मोटरसायकल इकली. तरी कमी पडले. तवा त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, मायच्या घरचा गोफ काढून त्याच्या हातावर ठेवला अन् पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

मंग राह्यली पैसे काढाची चावी. गणेश म्हने, "आजी, चोवीस सबद हायेत. हे ज्याच्यापाशी, पैसे त्याचे. हे हरवले तं ना बँक, ना कोर्ट, कोनी काढून देत नाई."

"मंग लिहून ठेव बापा."

"कागद उधई खाते. माहं सर्टिफिकेट खाल्लं न मागच्या साली. फोनमंधी ठेवले तं कोनी पाहून घेईन. तुह्या डोक्यात ठेवतो. तिथं चोर शिरला तं तुह्या गप्पा ऐकून आपच पळून जाईन."

तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आमी ओट्यावर. तो एक एक सबद मराठीत सांगे, मी त्याले गोष्टीत ओवून घेऊ. एक बकरी शिडी चढली. शिडी ढगाले लागली होती. ढगात हातोडा सापडला. हातोड्यानं कांदा फोडला, कांद्यातून नदी निघाली, नदीत छत्री वाहत आली, छत्रीत ढोल. असं करत करत सोळावा घोडा. घोड्यावर बसून एक पोरगा बाजारले जाते, अन् घोडा एकटाच घरी येते. त्याच्या पुढं आनखी आठ चिजा.

पोरगा त्याच्या सबदात नव्हता. तो मीच टाकला. घोडा नुसता कसा येईन, कोनी बसलेलं पायजे न, म्हनून. एकटा घरी येते हेही मीच म्हनलं. ऐकनाऱ्याचं काळीज हललं पायजे, मले तशी खोडच.

दर सोमवारी तो माह्याकडून घोकून घे. "जशीच्या तशी सांग आजी. मसाला टाकू नको." मी एखादी बारीक चीज मुद्दाम बदलू, तो कान पकडे माहा. असं दीड वर्स चाललं.

आखाडात तो मंगरूळले चालला होता ब्याटरी पाहाले. जीपनं गेला. शेलूबाजारच्या अलीकडं जीप कलंडली. बाकीच्याईले खरचटलं. फोन त्याच्या खिशातच चुरला. मोटरसायकल असती तं जीपनं गेला नसता, हे मी अजून कोनापाशी बोलली नाई. तेरवी झाली, लेक-सून सुरतेले परत गेले. घरात मी, वैजयंती अन् पेटी.

पेटी तिनं चालू ठेवली. रोज सकाळी फडक्यानं पुसे. ब्याटरीत पानी टाके. लाईन गेली का हातातलं काम सोडून पाहाले जाय, हिरवा दिवा हाय का नाई. सबदाचं तिनं मले एकदाही इचारलं नाई. आजीपाशी हायेत म्हनल्यावर हायेत.

अन् मी काय करून राह्यली होती? ओट्यावर बाया बसाले येत. हलिमा ये, नानीबाई ये. माहं मन रमावं म्हनून म्हनत, "सांगा न एखादी गोष्ट." माह्या तोंडात तेच येई, बकरी, शिडी, ढग. मले वाटे, घोकनं होईन, सुटाले नाई पायजे. पन घोड्यापाशी आली का अडून बसू. घोडा एकटा घरी आला, हे माह्यानं म्हनवे नाई. मंग मी पोरग्याले घोड्यावर बसूनच आनू. पायावर पानी घालू. पाटावर बसवून जेवू घालू. बाया डोळे पुसत, मलेही बरं वाटे. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी आनखी काई रांधू. चार महिने रोज आनला मी त्याले घरी.

दिवाळी झाल्यावर उकंडराव आला, वैजयंतीचा बाप, आसेगावचा. मानूस वाईट नाई. चहाचा कप त्यानं हातातच थंडा केला.

"तुळसाबाई, पोरीले नेतो म्हनतो. अनसिंगचा एक पाहुना हाय. बायको गेली त्याची. दोन लेकरं हायेत, पन घर चांगलं हाय."

"पोरीले इचारलं का?"

"इचारलं. नाई म्हनते."

वैजयंती दारात उभी होती. म्हने, "बाबा, मले नर्सचं शिकाचं हाय. वाशिमले यादीत नाव लागलं माहं. शनिवारपर्यंत पैसे भरा लागतात."

"कोन भरीन? तुह्या दोन भावाईचं शिक्षन माह्या डोक्यावर हाय."

"माह्यापाशी हायेत न." तिनं पेटीकडं बोट केलं. "माहा गोफ हाय त्याच्यात. वरून दोन वर्साचा मेहनताना."

उकंडरावनं पेटीकडं पाह्यलं. "त्याच्यात तं कोतवाल हायेत म्हनते गाव." कोनी हसलं नाई. मंग तो उठला. "शनिवारी येतो. पैसे निघाले तं वाशिमले मीच सोडून देतो, ही माही जबान. नाई निघाले तं मंग माह्यासंग चाल. म्हातारीच्या खाटेपाशी तुहा जनम जाऊ देत नाई मी."

वैजयंती माह्याकडं पाहून हसली. आखाडानंतर पयल्यांदा. "आजी हायेत न."

बेस्तरवारी आमी जीपनं शेलूबाजारले गेलो. जिथं कलंडली होती तिथून जाताना तिनं माहा हात धरला. सैफुद्दीनभाईचं मोबाईलचं दुकान आता त्याची पोरगी तहसीन पाहते. गणेशसंग शाळेत होती. तिनं अर्धं शटर खाली ओढलं, कोरा फोन काढला अन् मले स्टूल दिला.

"सांगा आजी. बिलकुल जशीच्या तशी. मी इंग्रजीत लिहीत जाते."

मी सुरू केलं. बकरी, शिडी, ढग, हातोडा. ती लिहीत गेली. आठव्या ठिकानी थांबली, "ढोल का नगारा?" मी म्हनलं ढोल. सोळा झाले. घोडा.

"मंग?"

"मंग घोड्यावर पोरगा घरी आला. मायनं त्याच्या पायावर पानी घातलं. पाट मांडला. पुरनपोळी वाढली."

तहसीनचं बोट थांबलं. "पुरनपोळी?"

"हो. वरून तूप."

"आजी," ती हळू बोलली, "ह्या लफ्जाईची यादी ठरलेली असते. दोन हजार लफ्ज, इंग्रजीतले. पुरनपोळी नसते वो त्याच्यात."

दुकानातला पंखा फिरून राह्यला होता. वैजयंतीनं माह्याकडं पाह्यलं अन् तिले समजलं. मले वाटलं होतं ती वरडीन. वरडली असती तं बरं झालं असतं.

"ती नाई आजी," ती म्हने. "मागची सांगा. त्याईनं घोकून घेतलेली."

मी डोळे मिटले. गणेशचा आवाज आठवला, शेंगा आठवल्या, त्याच्या नखातली मातीही आठवली. पन घोड्याच्या पुढं पाह्यलं का पाटावर बसलेलं पोरगं दिसे. जेवत. त्याच्या मांगं काई दिसेच नाई.

तहसीननं खूप खटपट केली. माह्या तोंडून जे निघालं ते लावून पाह्यलं. दरवेळी लाल अक्षरं. शेवटी म्हने, "दोन-तीन लफ्ज नसते तं मशीनवर लावून शोधले असते. आठ नाई निघत आजी. आपल्या जिंदगीत नाई निघत."

"पेटीतच पाह्य न बाई. पैसे तिच्यात हायेत न."

"पेटीत काम कराची चावी हाय. पैसे काढाची नाई. गणेशनंच तशी ठेवली, का चोरानं पेटी नेली तरी काई लागलं नाई पायजे हाताले."

शुक्रवारी वैजयंतीनं बायाईले घरी बोलावलं. वही घेऊन बसली. म्हने, "आजीनं तुमाले गोष्ट सांगतली, घोड्यानंतर काय होतं?"

हलिमा म्हने, "नारळ. मेल्यानं नारळ आनला होता बाजारातून, अख्खं पोतं."

नानीबाई म्हने, "काईचं नारळ! हत्तीन आनली होती. तिले पिल्लू झालं ओसरीत."

"मले तं खीर सांगतली होती," तिसरी म्हने.

"तुले गोड आवडते म्हनून खीर सांगतली तिनं. मले झुनका सांगतला."

आधी हसत होत्या. मंग वैजयंतीचं तोंड पाहून आठवाले लागल्या. एकीचं एकीशी जुळलं नाई, अन् आखाडाच्या आधीची तं कोनीच ऐकली नव्हती. मी म्हनलं, "वैजू, तू चुलीपाशीच असे न सोमवारी. तुह्या कानावर पडलं असीन."

तिनं वही मिटली. "मी कधी कान दिला नाई आजी. मले वाटे दोघं खेळून राह्यले."

शनिवारी उकंडराव आला. वैजयंती आत होती. मले दुसरं काय येते? मी त्याले बसवलं अन् फेकलं. "उकंडराव, पैसे हायेत, पन पेटीची एक शर्त निघाली. मालक गेला तं त्याच्या बायकोले वर्सभर पेटीपाशी राहा लागते. मंग अनामत आपच सुटते. पोरीले नेलं तं गोफ बुडाला समजा. जगाचा कायदा हाय हा, आपल्या हातात नाई."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "असं हाय का? मंग वर्सभर थांबू. नर्सचं पुढच्या साली होईन." उठालेच लागला होता तो. पेटीकडं पाहून हातही जोडले त्यानं.

तवा वैजयंती बाहेर आली. हातात पिशवी होती.

"बाबा, आजी फेकून राह्यल्या. पैसे निघत नाईत. कधीच निघत नाईत."

"काहून बोलली वो पोरी?" मी म्हनलं. "गेला होता न तो."

"अन् वर्सानंतर काय सांगसान आजी?" ती म्हने. "त्याच्या पुढच्या वर्सी?"

तिनं ब्याटरीत पानी टाकलं. पेटी पुसली, मांगचे तारही पुसले. माह्या पाया पडली. दारातून म्हने, "लाईन गेली का दिवा पाहत जा." उकंडरावनं पिशवी घेतली तिच्या हातातून. जीप येईपर्यंत दोघं वडाखाली उभे होते, मले ओट्यावरून दिसत होते. तिनं मांगं पाह्यलं नाई.

लगन झालं अनसिंगले. मी गेली होती. बायाईनं म्हनलं, "तुळसाबाई, सांगा काई." मी म्हनलं, दात दुखते.

पेटी चालू हाय. दर महिन्याले मेहनताना पडते तिच्यात, तहसीन फोनवर पाहून सांगते. कोनाचाच नाई तो. ती म्हनते एखाद्या दिवशी पेटीले नवीन काई टाका लागीन, ते गणेशच्या चावीबिगर होनार नाई, अन् मंग बाकीच्या पेट्या आपल्या पेटीले वळखनार नाईत. तवर चालू दे आजी. मी रोज पुसते.

तुरी आल्या आता. दुपारी मी शेंगा घेऊन पेटीपाशी बसते अन् मोठ्यानं म्हनते. मसाला नाई टाकत. परवा एक सबद आला, आरसा. घोड्याच्या लगेच मांगून होता, पक्का. तहसीनले फोन लावला. ती म्हने, "लिहून ठेवते आजी. सात राह्यले."

वैजयंतीले कळवू का म्हने. मी नाई म्हनलं.

बकरी, शिडी, ढग, हातोडा. घोड्यापाशी येते. पोरगा घोड्यावर बसून बाजारले गेला. घोडा एकटाच घरी आला. आता येते मले म्हनता. मंग आरसा म्हनते अन् पेटीची घरघर ऐकत बसते.

नानीबाई भिताडावरून इचारते, "काय म्हनतात वो कोतवाल?"

"काई नाई म्हनत," मी म्हनते. "पंखा हाय तो."