कप्तानाच्या प्लास्टरमध्ये काय आहे?

आमच्या घरात माणसांना झोपवायची कला दोघांना येते. नवरा भूलतज्ज्ञ आहे आणि मी विज्ञानकथा लिहिते. फरक इतकाच, की त्याची माणसं जागी झाल्यावर त्याचे आभार मानतात. हा विनोद त्याचाच. मी फक्त वापरते.

गेली बारा वर्षं मी एक चित्रमालिका लिहितेय. अंतराळात भंगार गोळा करत फिरणारं एक जुनाट यान आणि त्याचा पोट सुटलेला कप्तान. दर महिन्याला एक अंक. मी लिहिते, चित्रकार काढतो. चित्रकार गुणी माणूस आहे, पण समोर दिसल्याशिवाय त्याला माणूस काढता येत नाही. मी लिहायचं, ‘कप्तान दोरीला लटकून दार ढकलतो’, की लगेच याचा फोन: “वहिनी, फोटो पाठवा.” म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लागतं आणि कुटुंब अंतराळात जातं. नवरा कप्तान. माझे सासरे, म्हणजे अप्पा, परग्रहांचे हुकूमशहा. निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. मुलगी लहानपणी यंत्रमानव व्हायची. कॉलेजात गेल्यापासून ती फक्त फोटो काढते आणि शेरे मारते.

तिसऱ्या अंकाच्या वेळी नवरा तरंगतोय असं दाखवायला स्टुलावर पोटावर आडवा झाला आणि गुरुत्वाकर्षणाने आपलं मत नोंदवलं. डावा हात मोडला. पुढच्या रविवारी तो प्लास्टरसकट उभा राहिला, कारण अंकाची तारीख हाडासाठी थांबत नाही. ते प्लास्टर खरं आहे, हे चित्रकाराला सांगायचं मी विसरले. त्याला वाटलं, वहिनींची कल्पना. त्याने ते जीव ओतून काढलं, वर बोटांपाशी निळसर चमक दिली. अंक छापून आला तेव्हा आमच्या कप्तानाला एक पांढरा, चमकणारा हात फुटला होता आणि कथेत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

वाचकांनी विचारलं, आत काय आहे? मी म्हणायला हवं होतं, हाड. मी म्हटलं, वेळ आल्यावर कळेल.

त्यानंतर तो हात बघून लुटारू पळाले, दोन साम्राज्यं शरण आली, एका ग्रहाने तर न विचारताच खंडणी पाठवली. कप्तानाने हात कधीच वापरला नाही. नुसता वर उचलायचा. ‘शेवटच्या अंकात प्लास्टर निघेल’ असं मी छापील वचन देऊन बसले होते. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि हे फक्त मलाच ठाऊक होतं.

मंगळवारी संपादकांचा फोन आला.

“मॅडम, एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. दोन्ही एकच आहेत, म्हणून एकदमच सांगतो. पुढचा अंक शेवटचा. मासिक बंद होतंय.”

“आणि चांगली?”

“एका मोठ्या कंपनीला कप्तान हवाय. पडद्यावर. हलती चित्रं. लिहायचं तुम्हीच, चित्रकारही आपलाच, पाच वर्षांचा करार. अट एकच. हात उघडायचा नाही.”

“कधीपर्यंत?”

“कधीच नाही. त्यांचं म्हणणं, उत्सुकता हाच माल आहे. माल संपवला की दुकान बंद.”

“मी वाचकांना शब्द दिलाय.”

“वाचक विसरतात हो.”

“आपले? मागे यानाच्या दाराची कडी चुकून उजवीकडे गेली, तर पोतंभर पत्रं आली होती.”

संपादकांनी सुस्कारा टाकला. ते पोतं त्यांनीच उचललं होतं. “हे बघा, शेवटचा अंक तुमचा आहे. काय लिहायचं ते लिहा. पण हात उघडलात तर ते पाठ फिरवतील. शुक्रवारी सांगा.”

जेवताना मी घरात सांगितलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” अप्पा म्हणाले. “कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस?”

“म्हणजे बाबांचं पोट पडद्यावर येणार?” मुलीने विचारलं.

“पोट ते पहिल्याच बैठकीत कापतील,” नवरा म्हणाला.

“मला ती गोष्ट संपवायची आहे,” मी म्हटलं.

“संपवून काय मिळणार?” अप्पा.

“शेवट.”

अप्पांनी मान हलवली. निकाल लावण्यापूर्वी शाळेत हलवत असतील तशी.

“पण आई, आत आहे काय नेमकं?”

मी पाण्याचा पेला उचलला. मुलीने चमचा खाली ठेवला. “आई! तुला माहीत नाहीये!”

“माहीत नाही असं नाही. ठरलेलं नाही.”

“बारा वर्षं?”

“म्हणजे अभ्यासक्रम न ठरवताच वर्ग घेत होतीस?” अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर दुखावलेला होता.

नवरा इतका वेळ शांतपणे चावत होता. भूलतज्ज्ञाला वाट पाहायची सवय असते. मग म्हणाला, “माझ्या प्लास्टरमध्ये काय होतं, सांगू?”

“हात,” मुलगी म्हणाली.

“अर्धा. कापलं तेव्हा मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा आहे. काडीसारखा, पांढराफटक, सालपटं निघालेला. वास तर विचारू नका. चहाचा कप उचलायला गेलो तर सगळा चहा बशीत. महिनाभर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत होतो, लाजेने.” तो थांबला. “आणि आता निघालंच आहे म्हणून सांगतो. हाड केव्हाच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, काढू या. मीच म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस.”

“का?”

“प्लास्टर बघितलं की लोक वाट देतात. बॅग उचलतात. घरात कुणी भांडी घासायला सांगत नाही.”

“म्हणजे ती भांडी मी...”

“हो.”

“त्याचं आपण नंतर बघू,” मी म्हटलं. पण माझं लक्ष भांड्यांवर नव्हतं. मला कप्तान दिसत होता. हाड जुळून वर्षं लोटली, तरी प्लास्टर न काढणारा. आत शस्त्र नाही, यंत्र नाही, काही नाही. फक्त वापराविना वाळलेला हात. सगळं विश्व ज्याला घाबरतं त्या हाताने एक कपसुद्धा उचलता येणार नाही, आणि हे एकट्या कप्तानाला माहीत आहे. ही मला बऱ्यापैकी ओळखीची परिस्थिती होती.

मी ताटावरून उठले आणि लिहायला बसले.

बुधवारी चित्रकाराला फोन केला. हे काम अंतराळातल्या कुठल्याही लढाईपेक्षा अवघड होतं, कारण करार त्याचाही जाणार होता.

“मी हात उघडतेय,” मी म्हटलं. “तुला विचारत नाहीये, सांगतेय. रागवायचा हक्क तुझा.”

“हे बरोबर नाही, वहिनी. मी घरी सांगून बसलोय. बायकोने माहेरीसुद्धा कळवलंय.”

“हो. बरोबर नाहीच.”

“माझ्याकडे आता दातांची पुस्तिका आहे फक्त. मुलांनी दात कसे घासावेत. बत्तीस वेळा तोच दात काढतोय.”

“पाच वर्षं तोच हात काढला असतास.”

“पैसे घेऊन काढला असता!” तो भडकला. मी भडकू दिलं. त्याचं सगळं बोलून झाल्यावर पलीकडे पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्याचा आवाज आला. मग थांबला. “आत काय आहे?”

मी सांगितलं. शेवटच्या पानांवर कप्तानाचा सोबती यानाबाहेर लटकलाय, एका हाताने तो वर येत नाही. समोर शत्रूचं अख्खं दळ बघत उभं आहे. कप्तान त्यांच्यादेखत प्लास्टर दारावर आपटून फोडतो आणि तो काडीसारखा हात खाली घालतो.

“संवादांचे फुगे?” त्याने विचारलं.

“एकही नाही. कुणी काही बोलत नाही.”

“हं.” पुन्हा पेन्सिल. “फोटो पाठवा.”

शुक्रवारी संपादकांना सांगितलं, उघडतेय. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, तेवढंच करत होते. त्यांनी कंपनीला कळवलं आणि कंपनीने संध्याकाळच्या आत पाठ फिरवली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मानाने फारच चपळाईने.

रविवारी सामान भिंतीला लागलं. नवऱ्याने बाही सरसावली आणि अडचण लक्षात आली. त्याचा डावा हात आता उजव्याइतकाच गुबगुबीत होता.

“बाबा, हा हात बघून शत्रू जेवायला बोलावतील,” मुलगी म्हणाली.

“सरका,” अप्पा म्हणाले. करार नाकारल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडली आणि सोफ्याच्या पाठीवर ओणवे झाले. पलीकडे जमिनीवर नवरा सोबती होऊन लटकल्यासारखा पडला. अप्पांनी त्याचं मनगट पकडलं.

“हात थरथरायला हवा ना? मुद्दाम करू?”

“नको अप्पा. नुसता धरा आणि ओढा.”

त्यांनी ओढलं. आपल्या मुलाचं सगळं वजन, पोटासकट. हात आपणहून थरथरायला लागला. शिरा वर आल्या. “सोडा आता,” नवरा खालून म्हणाला. “लागेल तुम्हाला.”

“गप पड,” अप्पा म्हणाले. “हिचा फोटो होऊ दे.”

मुलगी फोटो काढत राहिली.

चित्रकाराने पानं ठरल्या दिवशी पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘राग अजून आहे. हात चांगला आलाय.’ दोन्ही खरं होतं.

छपाईच्या आदल्या दुपारी संपादकांचा फोन आला. “मॅडम, शेवटच्या चौकटीखाली जागा मोकळी राहिलीय. दरवेळी तिथे ‘क्रमशः’ असायचं. तेच ठेवू का? म्हणजे उद्या दुसरी एखादी कंपनी आलीच, तर निदान दार उघडं.”

“नको. ‘समाप्त’ टाका.”

“एकदा टाकलं की मागे येता येत नाही.”

“मोठ्या टायपात टाका,” मी म्हटलं.