गप्प झाली म्हणजे उतार पडला

रविवारी सिद्धू घरी असला की दगडाबाईंच्या चुलीवर मटण शिजायचेच. आठवडाभर सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा मुलगा शनिवारी मोटारसायकलवरून वडूजजवळच्या वाडीत यायचा, आणि आईचा सगळा जीव त्याच्या ताटात असायचा. त्या रविवारीही सगळे पोटभर जेवले. सून प्रांजल शेवटी जेवली, भांडी घासायला बसली, आणि अर्ध्या भांड्यांतच तिने पोट धरले.

दुखणे बरगड्यांच्या खाली सुरू होऊन आरपार पाठीत निघत होते. ओकारी थांबेना. गोधडीची वळकटी पोटाशी घट्ट दाबून, गुडघे जवळ घेऊन ती पुढे वाकून बसली, तेव्हा कुठे श्वास घेण्याइतका आराम पडला. शरीराने आपली सोय आपणच शोधली होती. पण सुनेच्या शरीराचे ऐकायची त्या घराला सवय नव्हती. दगडाबाईंनी तूप घातलेले गरम दूध बळेच पाजले, तेही उलटले. मग सासरे हरिबा म्हणाले, जोतीरामला बोलवा.

जोतीराम म्हणजे मेंढराला, बैलाला आणि माणसाला एकाच तापल्या विळ्याने डाग देणारा म्हातारा. आसपासच्या वाड्यांत त्याचा केवढा मान! सिद्धूने दवाखान्याचे नाव काढले, तेव्हा दगडाबाईंनी पदर बाजूला करून पोटावरचे जुने वण दाखवले.

"मला बी पाच डाग हायेत. मी मेले का?"

सिद्धूची मान खाली गेली. कारखान्यात कामात सूतभरही चूक खपवून न घेणारा हा गडी उंबऱ्याच्या आत आला की आईबापापुढे तोंड उघडत नसे. त्याला लोक गुणी मुलगा म्हणत. असल्या गुणीपणाला काय म्हणावे, मला शब्द सापडत नाही.

विळा चुलीत लाल होत होता. प्रांजल वाकून बसल्यामुळेच दुखणे आत कोंडले आहे, असे जोतीरामने सांगितले आणि तिला उताणी करायला लावले. हरिबांनी एक हात धरला, दगडाबाईंनी दुसरा, चुलत दीर शिवतेजने खांदे दाबले. पाय सिद्धूच्या वाट्याला आले.

"आवं, मला बसू द्या," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "उताणं झालं की जीव जातोय."

त्याने पाय आणखी घट्ट धरले.

पहिला डाग बेंबीच्या वर बसला. कातडी चरचरली. मटणाच्या वासात जळक्या कातडीचा वास मिसळला. प्रांजलने सासूच्या मनगटाचा कडाडून चावा घेतला, तशी हरिबांनी तिच्या तोंडात मारली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आले. दुसरा डाग उजव्या बरगडीखाली. तिच्या टाचा सिद्धूच्या छातीवर आदळत होत्या, त्याने गुडघ्याने त्या जमिनीशी दाबल्या. तिसरा डाग पहिल्याच्या शेजारी बसला आणि तिचा आवाज बंद झाला.

"गप झाली," जोतीराम विळा पाण्यात विझवत म्हणाला. "उतार पडला."

बाकीच्यांनी हात सोडले. दगडाबाईंनी चहाचे आधण ठेवले. उतार वगैरे काही पडला नव्हता, पोरगी बेशुद्ध पडली होती. सिद्धूच्या हातात अजून तिची पावले होती, ती थंडगार लागली तेव्हा तो भानावर आला. कुणाला न विचारता त्याने शेजाऱ्याची जीप आणली, प्रांजल शुद्धीवर येताच तिला उशीवर वाकवून बसवले आणि थेट सांगली गाठली.

तिथल्या डॉक्टर राजेश्वरीबाईंनी रक्त तपासले, सोनोग्राफी केली. पित्ताचा खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला भयंकर सूज आली होती. तोंडाने काही द्यायचे नाही, सलाईन जोरात चालू ठेवायचे, असे त्यांनी परिचारिकेला बजावले. मग त्या प्रांजलकडे वळल्या. किती दुखतंय?

"न्हाई दुखत आता," प्रांजल म्हणाली.

नाडी धावत होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. चादर तिने मुठीत आवळली होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तिने पुन्हा मान हलवली. दुखतंय म्हटले की काय होते, ते ती शिकली होती.

डॉक्टरांनी पोटावरच्या ताज्या डागांकडे पुन्हा पाहिले. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"इथं दुखतंय म्हणणाऱ्याला डाग देत नाहीत, प्रांजल. इंजेक्शन देतात. तू लपवलंस तर किती द्यायचं ते मला कळणार नाही."

"वाकून बसले तर चालंल?"

डॉक्टरांनी पुढे टेबल सरकवले, त्यावर उशी ठेवली. प्रांजल तिच्यावर ओणवी झाली आणि मोठ्याने रडत म्हणाली, लय दुखतंय. इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने तिच्या मुठी सुटल्या. सिद्धू दाराशी उभा राहून हे सगळे बघत होता. एवढे सोपे होते! एक सुई, एक उशी आणि तिच्या शब्दावर विश्वास. त्याला स्वतःची शिसारी आली.

डाग दिलेला दिसला म्हणून रुग्णालयाने पोलिसांना कळवले होते. चौथ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आले, तोवर हरिबा आणि दगडाबाईही येऊन बसले होते. दगडाबाईंनी सुनेला आधीच सांगून ठेवले होते, चुलीवर पडले म्हणून सांग, घराची अब्रू जाईल. हवालदारांनी कशाने भाजले ते विचारले.

प्रांजलने सासूकडे पाहिले नाही. जोतीरामने डाग दिले, तिने सांगितले. मग धरणाऱ्यांची नावे एकेक करून घेतली. सासरा, सासू, दीर. नवऱ्याच्या नावाशी ती थांबली.

"सिद्धू, बाबा, पोरीला भ्रम झालाय म्हणून सांग," दगडाबाई म्हणाल्या. "आम्हाला या वयात कोर्टात उभं करतोस व्हय?"

जन्मात पहिल्यांदा सिद्धूने आईचे ऐकले नाही. तो हवालदारांपुढे जाऊन उभा राहिला.

"तिला भ्रम न्हाई झाला. पाय मी धरलं होतं. माझं नाव सगळ्यात आधी लिवा."

हरिबा ताडकन उठले आणि त्यांनी सिद्धूच्या मुस्कटात मारली. हवालदारांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. गाल चोळायलाही न थांबता सिद्धूने जबाबाचा कागद ओढला आणि सही केली.